आजीच्या अंगठीतला 'पाचू' पेरिडॉट निघाला. या खड्याविषयी कोणी सांगेल का?

केवडा (फोंडा) · रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात आजीच्या अंगठीचा, खडा धरून ठेवणारा एक आकडा तुटला आणि खडा हलायला लागला. आजी ८६ वर्षांची आहे. ही अंगठी तिच्या बोटातून उतरलेली मी फक्त दोनदा पाहिली आहे, एकदा हाताला प्लास्टर घातलं तेव्हा आणि आता. आजोबा मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटीवर नोकरीला होते. गोवा मुक्त व्हायच्या आधी कधीतरी एडन बंदरात त्यांनी हा खडा घेतला आणि घरी आल्यावर शेटकडून (म्हणजे आमच्या सोनाराकडून) सोन्यात बसवून घेतला. घरात सगळे त्याला पाचूच म्हणतात.

दुरुस्तीसाठी आमच्या नेहमीच्या शेटकडे गेले. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाले, "ताई, हा पाचू नव्हे. पेरिडॉट दिसतो." खात्री करायला दुसऱ्या एका दुकानात नेला, तिथे काउंटरवरच्या माणसाने हातातही न घेता सांगितलं, "काच असणार, दुसरा खडा घालून देतो." मला त्या क्षणी रडू आवरेना. आजोबा मी पाहिलेले नाहीत. त्यांची आठवण म्हणून आजीकडे एक फोटो आणि हा खडा, एवढंच आहे.

रंग सांगते. केळीचं नवं पान सुरळीतून उलगडत असताना त्याच्याआडून ऊन आलं की दिसतो तसा, हिरव्यात थोडा पिवळा. पाचूचा गर्द, निळसर हिरवा नाही. पृष्ठभागावर तेल लावल्यासारखी चमक आहे. आत एका कोपऱ्यात एक काळा ठिपका आणि त्याच्याभोवती गोल चकतीसारखं काहीतरी दिसतं.

मला तीन गोष्टी कळायला हव्या आहेत. पेरिडॉट म्हणजे नेमकं काय आणि तो येतो कुठून? तो काच नाही हे घरी बघता येईल का? आणि तिसरी, जी खरी मला छळते आहे: आजीला सांगू का?

---

कोंदण (म्हापसा) · रविवार, रात्री १०.१५

केवडाताई, आधी घाईचं सांगतो. खडा अंगठीत ठेवून कोणालाही झाळकाम करू देऊ नका. पेरिडॉटला अचानक उष्णता सोसत नाही, तडकतो. झाळल्यावर दागिना आम्लात टाकतात, तेही त्याला चालत नाही. सल्फ्युरिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल त्याच्या पृष्ठभागाला खातं, मग चमक जाते ती पुन्हा पॉलिश केल्याशिवाय येत नाही. खडा काढून घ्या, कापसात गुंडाळून डबीत ठेवा, मग अंगठी शेटकडे द्या. खडा नुसता हलतो आहे असं बघून तसाच झाळणारे कारागीर मी पाहिले आहेत.

धुवायचा झाला तर कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश. वाफेचं किंवा अल्ट्रासॉनिक मशीन नको.

आमच्या घरात चार पिढ्या हा धंदा आहे. तुमच्या शेटनी दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने न सांगता हळू आवाजात सांगितलं, यावरूनच माणूस बरा आहे हे कळतं. त्यांच्याकडेच काम द्या.

---

चिरेखाण (कुडचडे) · सोमवार, सकाळी ६.५०

मी भूशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. या खड्यावर माझा फार जीव आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

पेरिडॉट म्हणजे ऑलिव्हिन या खनिजाचा पारदर्शक, दागिन्यात बसवण्याजोगा प्रकार. मॅग्नेशियम, लोह, सिलिकॉन आणि ऑक्सिजन, एवढ्यांचाच तो बनलेला असतो. पाचू मुळात वेगळं खनिज आहे, बेरिल. शुद्ध बेरिलला रंगच नसतो. त्यात क्रोमियम किंवा व्हॅनेडियम अगदी थोडं शिरलं की ते हिरवं होतं, म्हणजे पाचूचा रंग पाहुण्याकडून आलेला. पेरिडॉटचा हिरवा घरचाच. त्याच्या रचनेत जे लोह आहे तेच त्याला रंग देतं. म्हणून पेरिडॉट कधी निळा किंवा गुलाबी मिळत नाही. लोहाच्या प्रमाणाप्रमाणे पिवळसर हिरवा, गवती हिरवा, तपकिरीकडे झुकणारा हिरवा, एवढीच त्याची धाव.

आता कुठून येतो ते. आपण ज्या कवचावर राहतो त्याच्या खाली प्रावरण आहे. त्याच्या वरच्या थरात सगळ्यात जास्त असणारं खनिज ऑलिव्हिनच. म्हणजे आपल्या पायाखाली तीस-चाळीस किलोमीटरवर आणि तिथून पुढे खूप खोलपर्यंत हा हिरवा खडक पसरलेला आहे. अडचण आहे ती वर येण्याची. काही ज्वालामुखींचा लाव्हा खालून इतक्या वेगाने वर येतो की वाटेत प्रावरणाचे तुकडे तोडून सोबत आणतो. वेग कमी पडला तर हे जड तुकडे वाटेतच बुडतात. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामधल्या सान कार्लोस इथे काळ्या बेसॉल्टमध्ये असे हिरवे गोळे ठासून भरलेले आहेत. ती जमीन अपाची लोकांची आहे आणि तिथे खणायचा हक्कही त्यांचाच. आपल्याकडे कच्छच्या बेसॉल्टमध्येही प्रावरणाचे असे तुकडे सापडतात.

दुसरी तऱ्हा म्हणजे भूपट्टांच्या ओढाताणीत प्रावरणाचा अख्खा तुकडाच वर उचलला जातो आणि त्याच्या भेगांत सावकाश मोठे स्फटिक वाढतात. पाकिस्तानातल्या कोहिस्तानचे खडे असे आहेत. चार हजार मीटरच्या वरच्या त्या खाणी १९९०च्या दशकात जगासमोर आल्या. म्यानमारमधल्या मोगोकचे खडे जुने आणि मोठे.

तुमच्या खड्यातला काळा ठिपका आणि भोवतीची चकती वाचून मी उठून बसलो. तो ठिपका बहुधा क्रोमाइट या काळ्या खनिजाचा बारीक स्फटिक. त्याच्याभोवती ताण पडून गोल, चपटी भेग तयार होते, ती तळ्यावर पसरलेल्या साळकाच्या पानासारखी दिसते. जगभरचे रत्नपारखी या खुणेला कमळपानच म्हणतात. काचेत अशी चकती नसते, काचेत गोल बुडबुडे असतात.

---

मांडवीतीर (पणजी) · सोमवार, सकाळी ११.०५

घरोघरी हिरवा खडा म्हणजे पाचूच असं का धरतात याला गोव्यापुरतं एक कारण मला सुचतं. सोळाव्या-सतराव्या शतकात कोलंबियाचे पाचू स्पेन-पोर्तुगालमार्गे जुन्या गोव्यात उतरत आणि इथून दख्खनच्या आणि मुघलांच्या दरबारात जात. गोवा ही त्या व्यापाराची मोठी पेठ होती. पणजीच्या नगरपालिका उद्यानाला ज्यांचं नाव आहे ते गार्सिया द ओर्ता, त्यांचा १५६३ साली गोव्यात छापलेला ग्रंथ मुख्यतः औषधींचा, पण त्यात रत्नांवरही प्रकरणं आहेत. रत्नं पारखणारे लोक इथे पूर्वापार होते. सामान्य घरापर्यंत मात्र फक्त शब्द पोचला, पाचू.

---

तुळस (डिचोली) · सोमवार, दुपारी १.३०

माझ्या भावाला बुधासाठी पाचू घालायला सांगितला होता. परवडेना म्हणून पेरिडॉट घातला, 'उपरत्न चालतं' असं सांगण्यात आलं. मग तो फसवला गेला का?

---

कोंदण (म्हापसा) · सोमवार, दुपारी ३.००

तुळसताई, फसवणूक कधी होते? पेरिडॉट पाचू म्हणून विकला तर, किंवा काच पेरिडॉट म्हणून विकली तर. पेरिडॉट म्हणून सांगून, पेरिडॉटच्या भावाने दिला असेल तर व्यवहार चोख आहे. नवरत्नांत पेरिडॉट नाही, पाचूच्या बदल्यात घालायची पद्धत मात्र आहे. श्रद्धेच्या बाजूबद्दल मी बोलणार नाही, ते तुमच्या घरच्यांनी ठरवायचं. बिलावर खड्याचं नाव काय लिहिलं आहे ते मात्र जरूर बघा.

एक गोष्ट पेरिडॉटच्या बाजूने सांगतो. बाजारातल्या बहुतेक पाचूंच्या भेगा तेलाने भरलेल्या असतात, ती मान्य पद्धत आहे. पेरिडॉट सहसा जमिनीतून निघाला तसाच, फक्त पैलू पाडून येतो. रंग वाढवायला तो भाजत नाहीत. दिसतो तो रंग त्याचा स्वतःचा.

किनाऱ्याकडच्या बाजारांत हिरव्या खड्यांच्या माळा ढिगाने असतात. त्यांत रंगवलेला अकीक असतो, अ‍ॅव्हेंच्युरिन असतो, आणि काचही. पुण्याकडच्या बेसॉल्टमधून येणारे हिरवे अ‍ॅपोफिलाइटचे स्फटिकही असतात. ते शोकेसमध्ये ठेवायला फार सुंदर, पण मऊ. अंगठीत टिकणार नाहीत.

---

दर्याकाठ (वास्को) · सोमवार, रात्री ८.२०

एडन हे नाव वाचलं आणि लिहावंसं वाटलं. मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होतो, सुएझ ते एडन हा रस्ता किती वेळा केला याची गणती नाही. तांबड्या समुद्रात इजिप्तच्या बाजूला झबरगद नावाचं बेट आहे, नकाशावर सेंट जॉन्स. जेमतेम काही चौरस किलोमीटरचा उघडा डोंगर. प्राचीन काळी पेरिडॉट निघायचा तो इथूनच. झबरगद हे अरबी नाव खड्यावरूनच पडलेलं; उर्दू-हिंदीत या खड्याला जबरजद म्हणतात तो हाच शब्द. ग्रीक-रोमन लोक या बेटाला टोपाझोस म्हणत आणि इथल्या हिरव्या खड्यालाही तेच नाव होतं. म्हणजे टोपाझ हे नाव आधी पेरिडॉटचं, नंतर ते दुसऱ्याच खड्याला गेलं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ३१० कॅरटचा पैलू पाडलेला पेरिडॉट आहे, तोही या बेटाचाच.

केवडा, तुमचे आजोबा त्याच पाण्यातून गेले आणि त्याच पाण्यातला खडा घेऊन आले असतील. मला तर हे वाचून भरून आलं.

---

चिरेखाण (कुडचडे) · सोमवार, रात्री ९.१५

दर्याकाठबाब, माहिती अगदी बरोबर आहे आणि तसं असावं असं मलाही वाटतं. पण एडन तेव्हा ब्रिटिशांच्या हातातलं मोठं व्यापारी बंदर होतं, पूर्व-पश्चिमेचा माल तिथल्या दुकानांत असायचा. खडा मोगोकचाही असू शकतो. खडा कुठे विकत घेतला यावरून तो कुठे जन्मला हे ठरत नाही. त्यासाठी त्यातल्या निकेलसारख्या सूक्ष्म अंशांची तपासणी मोठ्या प्रयोगशाळेत करावी लागते. केवडाला आपण जे सांगू ते टिकणारं असावं एवढ्याचसाठी लिहिलं.

आता घरच्या तपासणीबद्दल. दोन गोष्टी करा.

पहिली, दहापट भिंग घ्या. खड्याच्या वरच्या सपाट पैलूतून आत पाहा आणि तळाकडच्या पैलूंच्या कडांवर नजर लावा. खडा थोडा थोडा फिरवत राहा, कारण एखाद्या दिशेने हे दिसत नाही. पेरिडॉटमध्ये शिरलेला किरण दोन वाटांनी जातो आणि त्या दोन वाटांच्या अपवर्तनांकांत, म्हणजे किरण किती वाकतो त्याच्या मापात, फरक बराच असतो, ०.०३६. त्यामुळे प्रत्येक कड दुहेरी दिसते. पाचूत हा फरक ०.००६च्या आसपास, भिंगाला जाणवत नाही. काचेत तर किरण दुभंगतच नाही.

दुसरी, शेटकडच्या ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर खडा तोला. मग काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. खडा बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला लागू देऊ नका. काटा जो आकडा दाखवील ते खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. खड्याच्या वजनाला त्याने भागा. पेरिडॉट असेल तर उत्तर ३.३च्या आसपास, पाचू असेल तर २.७. बुडबुडे खड्याला चिकटू देऊ नका, एक बुडबुडासुद्धा एवढ्याशा खड्याचं उत्तर चुकवतो.

---

साळ (पेडणे) · मंगळवार, सकाळी ८.४०

सर, गोव्यात हा खडा का सापडत नाही? आपल्याकडेही बेसॉल्ट आहे ना, चोर्ल्याच्या बाजूला?

---

चिरेखाण (कुडचडे) · मंगळवार, सकाळी १०.३०

फार चांगला प्रश्न. सत्तरीच्या ईशान्य टोकाला दख्खनच्या बेसॉल्टची कड येते, खरं आहे. पण त्या बेसॉल्टमधलं ऑलिव्हिन दागिन्याच्या कामाचं नाही. गोव्यात प्रावरणाशी नातं सांगणारे त्याहून कितीतरी जुने खडक आहेत. उसगावच्या परिसरात पेरिडोटाइट जातीचे खडक आहेत आणि त्यांत एकेकाळी भरपूर ऑलिव्हिन होतं. पण खडकात पाणी शिरलं की ऑलिव्हिन पहिल्यांदा हार मानतं, त्याचं सर्पेंटाइन होतं. हिरवटच असतं तेही, पण मऊ, अपारदर्शक, हाताला साबणासारखं गुळगुळीत.

आणि जे पृष्ठभागावर उघडं पडतं त्याचं काय होतं हे आपण रोज बघतो. खोल जागी जन्मलेलं खनिज आपल्या चार महिन्यांच्या पावसात टिकत नाही. मॅग्नेशियम आणि सिलिका पाण्याबरोबर वाहून जातात, लोह मागे राहतं आणि हवेने गंजतं. जे लोह पेरिडॉटमध्ये हिरवं दिसतं, तेच गंजलं की तांबडं. आपल्या घरांच्या भिंतींचा चिरा, म्हणजे जांभा दगड, बघा. चिरा अनेक जातींच्या खडकांपासून होतो, पण त्याचा तांबडा रंग लोहाच्या या गंजण्याचाच. विद्यार्थ्यांना उसगावला नेलं की मी एका हातात सर्पेंटाइन आणि दुसऱ्या हातात चिऱ्याचा तुकडा द्यायचो आणि दोघांचं मूळ विचारायचो. एकच आहे हे पटायला त्यांना वेळ लागायचा.

जाता जाता: हेच ऑलिव्हिन उल्कांमध्येही सापडतं. सायबेरियात क्रास्नोयार्स्कजवळ सापडलेला एक लोखंडी दगड पेटर पालास या अभ्यासकाने १७७२ साली पाहिला. लोखंडाच्या जाळीत मधाळ-हिरवे स्फटिक जडवलेले. अशा उल्कांना त्यांच्यावरून पॅलासाइट म्हणतात आणि त्यांतले स्वच्छ स्फटिक कापून खडेही करतात.

---

केवडा (फोंडा) · शनिवार, संध्याकाळी ६.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी शेटच्या दुकानात बसून सगळं केलं.

आधी भिंग. पाच मिनिटं काहीच दिसेना. मग शेट म्हणाले, खडा नका फिरवू, दिवा बाजूला घ्या. तसं केल्यावर तळाची एक कड अचानक दोन झाली, दोन अगदी समांतर बारीक रेघा, आणि नंतर बघेन ती प्रत्येक कड दुहेरी. शेटनी त्यांच्याकडचा खरा पाचू शेजारी ठेवला. त्यात एकच रेघ. हे डोळ्यांनी बघितल्यावर 'काच असणार' म्हणणारा तो माणूस मनातून निघून गेला.

मग काटा. खडा भरला ०.६६ ग्रॅम, म्हणजे ३.३ कॅरट. शेटच्या मुलीने पोवत्याचा धागा सोडवून त्याची एक तार काढली, त्याला खडा बांधला. पहिल्यांदा आकडा आला ०.२३, कारण खाली बुडबुडा होता. ब्रशने काढल्यावर ०.२०. ०.६६ भागिले ०.२०, ३.३. तिघांनी मिळून तीनदा केलं, तिन्ही वेळा ०.२०.

आणि साळकाचं पान आहे. भिंगातून एवढं स्पष्ट दिसतं की मला ते खड्यातलं सगळ्यात सुंदर ठिकाण वाटायला लागलं आहे.

एक विचारायचं आहे. आजीच्या बोटात ही अंगठी सत्तर वर्षांच्या आसपास आहे, आणि वरच्या पैलूवर बारीक ओरखडे आहेत. ते पॉलिश करून घेऊ का?

---

कोंदण (म्हापसा) · शनिवार, रात्री ९.००

पेरिडॉटची कठीणता मोह्सच्या १ ते १०च्या मापावर ६.५ ते ७. आपल्या घरातल्या धुळीत वाळूचे कण असतात ते ७चे, म्हणून इतक्या वर्षांत ओरखडे येणारच. पॉलिश होऊ शकतं, पण थोडं वजन जाईल आणि आजीचा खडा थोडा नवा दिसायला लागेल. मी असतो तर नसता केला. चार आकड्यांऐवजी चहूबाजूंनी सोन्याची पट्टी येईल असं घर करून घ्या, कडा सांभाळल्या जातील. आणि घर आधी पूर्ण तयार करून, पॉलिश करून, मग शेवटी खडा बसवायला सांगा.

---

केवडा (फोंडा) · तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी १०.२०

अंगठी झाली. मधल्या काळात खडा प्रयोगशाळेत पाठवला होता. अहवालात नाव आहे पेरिडॉट, नैसर्गिक, अपवर्तनांक १.६५४ आणि १.६९०, म्हणजे सरांनी सांगितलेला ०.०३६चाच फरक. मूळ कुठलं ते त्यांनी लिहिलेलं नाही, आणि सरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून मी विचारलंही नाही.

आजीला सांगितलं. अंगठी तिच्या बोटात घालताना सांगितलं, कारण रिकाम्या बोटाला सांगावंसं वाटेना. ती म्हणाली की पाचू हे नाव तिच्या सासूबाईंनी दिलं, शेजारपाजाऱ्यांना सांगायला. आजोबांनी कधीच तसं म्हटलं नव्हतं. त्यांनी डबी उघडून दाखवली तेव्हा एवढंच म्हणाले होते की दुकानात पांढरे, तांबडे, निळे सगळे होते, आणि परसातल्या केळीचा रंग फक्त याचा होता.

मग तिने मला भिंग मागितलं. साळकाचं पान शोधायला तिला वेळ लागला, हात थरथरतो. सापडल्यावर बराच वेळ ती बोलली नाही, नुसती बघत राहिली.